जुलाब नाहीत, मग पोट कसं बिघडलं?

रुग्ण: सोळा महिन्यांची मुलगी. राहणार भांडुप पश्चिम, टेंभीपाड्याचा चढ. एका खोलीत आई-वडील, आजी-आजोबा आणि पाच वर्षांचा थोरला भाऊ. तक्रार: तीन दिवस ताप आणि उलट्या. पालकांच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, औषधांचे आणि तपासण्यांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

आजार दुर्मीळ होता म्हणून हे प्रकरण निवडलेलं नाही. जुलैत मुंबईत एखादं लेकरू तापलं आणि ओकायला लागलं की दोनच नावं निघतात. घरचे म्हणतात पोट बिघडलं, शेजारी म्हणतात डेंग्यू. या मुलीला दोन्ही नव्हतं. तिला जे होतं ते शोधायला एक निर्जंतुक बाटली आणि तासा-दोन तासांचा धीर पुरला. पण तिथवर यायला बुधवार उजाडला.

रविवार ते बुधवार

रविवारी रात्री अंग तापलं. घरी थर्मामीटर होता, काखेत १०२.४ फॅरनहाइट. आजी मूळच्या कणकवलीकडच्या. त्यांनी हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि निकाल दिला, "दात येतत गो, म्हणान ताप." सुळे येतच होते, त्यात खोटं काही नाही. दात येताना मूल किरकिरं होतं, लाळ गाळतं, अंग जरा कोमट लागतं. पण १०२-१०३ ताप दातांनी येत नाही. अडचण अशी की या वयात कुठला ना कुठला दात येतच असतो, त्यामुळे हे कारण कायम हाताशी असतं.

सोमवारी सकाळी दूध पिऊन झालं आणि भडाभडा उलटी. दुपारचा वरणभातही बाहेर. संध्याकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. 'पोटाचं इन्फेक्शन आहे' असं सांगून तीन बाटल्या लिहून दिल्या: एक तापाची, एक उलटीची, एक अँटिबायोटिकची. अँटिबायोटिक म्हणजे ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र, जे आपल्याकडे जुलाब म्हटलं की सर्रास दिलं जातं. मुलीला जुलाब नव्हते. शी कशी होते, हे कुणी विचारलं नव्हतं आणि घरच्यांनीही आपणहून सांगितलं नव्हतं.

मंगळवारी कडू अँटिबायोटिकचा प्रत्येक घोट बाहेर आला. आजोबा मेडिकलमध्ये जाऊन 'ओआरएस द्या', म्हणजे मीठ-साखरेचं पाणी द्या, असं म्हणाले आणि संत्र्याच्या चवीचं टेट्रापॅक घेऊन आले. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली. डब्यावरून शब्द गेला, गिऱ्हाईकाच्या आणि दुकानदाराच्या तोंडून जायला वेळ लागणार. त्या पेयात साखर भरपूर आणि मीठ नावाला असतं. ओकणाऱ्या, वाळत चाललेल्या मुलाला ते द्यायचं नसतं.

त्याच रात्री आईने एक गोष्ट पाहिली. शू करायच्या आधी मुलगी किंचाळते, पाय आखडते. सासूबाई म्हणाल्या, डायपरने चामडी सोलवटलीय, तेल लाव. लालसरपणा खरंच होता. तेल लावलं गेलं, विषय तिथेच संपला.

बुधवारी सकाळी वडील रात्रपाळीहून घरी आले, ताप १०३ पाहिला आणि मुलीला उचलून थेट माझ्याकडे घेऊन आले. दारातूनच म्हणाले, "डॉक्टर, डेंग्यूची टेस्ट करा आणि सलाईन लावा."

टेबलावरच्या बाटल्या

घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, असं मी फोनवरच सांगतो. नावं आठवत नाहीत, आठवली तरी अर्धवट. पिशवीतून चार बाटल्या निघाल्या. तीन सोमवारच्या, चौथी भावाच्या मागच्या तापातली.

सोमवारच्या तापाच्या बाटलीत दर ५ मिलीत पॅरासिटामॉल १२५ मिलीग्रॅम आणि जोडीला मेफेनामिक अ‍ॅसिड हे तापाचंच दुसरं औषध होतं. भावाच्या बाटलीत दर ५ मिलीत २५० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल. दोन्हींचं झाकण एकाच मापाचं, पातळ औषध दोन्हीकडे गुलाबी. सोमवारच्या औषधाने ताप उतरेना, म्हणून मंगळवारी 'दादाचं औषध' मधेमधे दिलं होतं. आईने वेळा फोनमध्ये लिहून ठेवल्या होत्या, म्हणून हिशेब तरी करता आला. चोवीस तासांत पहिलं औषध तीनदा, म्हणजे ३७५ मिलीग्रॅम. दुसरं दोनदा, म्हणजे ५००. एकूण ८७५. मुलीचं वजन ९.३ किलो, म्हणजे किलोमागे ९४ मिलीग्रॅम पॅरासिटामॉल.

लहान मुलांचा डोस एका वेळी किलोमागे १५ मिलीग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास आणि दिवसभरात किलोमागे ६०च्या आत. या मुलीला एका वेळी १४० मिलीग्रॅम पुरेत. दर ५ मिलीला १२० मिलीग्रॅमच्या साध्या पॅरासिटामॉलच्या बाटलीतून ते पावणेसहा मिलीच्या आसपास होतात, २५०च्या बाटलीतून पावणेतीन मिलीला थोडं वर. ड्रॉप्सची बाटली असती तर भानगड आणखी मोठी, कारण त्यात बहुतेक वेळा एका मिलीतच १०० मिलीग्रॅम असतं. 'एक झाकण द्या' ही सूचना म्हणूनच निरर्थक. वजन किती, बाटलीवर दर ५ मिलीला किती लिहिलंय, आणि मग मिली किती, हा हिशेब डॉक्टरने कागदावर मांडून द्यायला हवा. दिला नाही तर मागून घ्यावा.

त्यातलं बरंचसं ओकून गेलं होतं. तरी यकृताची तपासणी रक्तासोबत करून घेतली, ती नॉर्मल आली. मेफेनामिक बंद केलं, आयबुप्रोफेनचंही नाव काढू नका म्हणून सांगितलं. शरीरात पाणी कमी असताना ही औषधं किडनीला जड जातात, आणि डेंग्यूची शक्यता मिटलेली नसताना रक्तस्रावाचा धोका वाढवतात. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना नाहीच. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्यांसाठी २०११पासून बंदी आहे, तरी जुनी बाटली एखाद्या घरात सापडते.

तपासताना

लसीच्या कार्डावर तीन आठवड्यांपूर्वीचं वजन ९.८ किलो. माझ्या काट्यावर ९.३. काटे वेगळे, शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे धरू. तरीही पाच टक्क्यांच्या आसपास वजन उतरलेलं, आणि तीन दिवसांत उतरलेलं वजन म्हणजे पाणीच. पालकांनी लसीचं कार्ड सोबत आणलं की मला सर्वांत आधी आनंद होतो तो या एका आकड्यासाठी.

मुलगी किरकिरी, पण आईला बिलगणारी. रडताना डोळ्यांत पाणी थोडंच. ओठ कोरडे, जीभ चिकट, डोळे किंचित आत. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर जरा रेंगाळून सपाट होत होती. वाटी पुढे केली की झडप घालत होती. ही मध्यम प्रमाणात पाणी कमी झाल्याची लक्षणं. तीव्र असती तर मूल मलूल पडलं असतं, प्यायला तोंड उघडलं नसतं, आणि मग मी स्वतःच सलाईनसाठी रुग्णालयात पाठवलं असतं.

मान मऊ. टाळू अजून बोटभर उघडी, फुगलेली नाही. कान स्वच्छ, घसा जरासा लाल. छाती मोकळी, श्वास मिनिटाला ३८. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त झाला की न्यूमोनियाकडे लक्ष जातं, त्यामुळे ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचं ठरवलं. अंगावर पुरळ नाही. पोट मऊ, फुगलेलं नाही, पण डाव्या बाजूला हाताला खडे लागले.

"शी कधी झाली होती?"

"शनिवारी," आई म्हणाली. "एवढ्याशा गोळ्या. जोर काढून काढून."

इथे माझ्या लेखी 'पोटाचं इन्फेक्शन' निकालात निघालं. गॅस्ट्रोची सुरुवात उलटीने होते हे खरं, पण बहुतेक वेळा दिवसभरात जुलाब मागोमाग येतात. तिसऱ्या दिवशी ताप १०३, उलट्या चालू आणि शी खड्यांसारखी, हे चित्र त्यात बसत नाही. ताप आणि उलटी ही जोडी पोटाच्या मालकीची नव्हे. घसा, कान, फुप्फुस, मेंदूचं आवरण, यकृत, मलेरिया, डेंग्यू, अपेंडिक्स, सगळ्यांत मूल ओकू शकतं. मग आईने शू करतानाच्या किंचाळण्याचं सांगितलं. सांगताना तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई खिडकीतून बाहेर.

दोन वर्षांखालच्या मुलाला जोराचा ताप आहे आणि तपासून कारण सापडत नाही, अशा शंभरात पाचेक मुलांच्या लघवीत संसर्ग निघतो. मुलींत प्रमाण जास्त. मोठं माणूस कंबर धरून येतं, जळजळ होते सांगतं. सोळा महिन्यांचं मूल ताप, ओकारी आणि दूध नको, यापलीकडे काही सांगत नाही.

'सलाईन लावा'

वडिलांची मागणी मला समजते. बाटली टांगलेली दिसली की काहीतरी होतंय असं वाटतं, चमच्याने पाणी पाजणं म्हणजे घरचंच काम. पण जे मूल प्यायला मागतंय आणि ज्याचं पोट फुगलेलं नाही, त्याला तोंडाने दिलेलं पाणी शिरेतून दिलेल्या पाण्याइतकंच कामाला येतं. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून पाजायला घेतलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. पद्मविभूषण मिळाला तो २०२३मध्ये, मरणोत्तर. वडिलांना एवढं सगळं सांगत बसलो नाही. "चार तास द्या मला, नाही जमलं तर सलाईन," इतकंच म्हणालो.

हिशेब असा. मध्यम कोरडेपणात किलोमागे ७५ मिली ओआरएस, चार तासांत. या मुलीला सुमारे ७०० मिली. ऐकायला भरपूर वाटतं, आणि वाटीने पाजलं तर ओकणारच. तहानलेलं मूल घटाघटा पितं, पोट ताणतं, सगळं बाहेर येतं, आणि घरचे म्हणतात, 'पाणीसुद्धा पचत नाही.' म्हणून ५ मिलीची सुईविरहित सिरिंज. दर दोन मिनिटांनी एकदा, गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या मुळाशी नाही. आईने फोनवर घड्याळ लावलं. मूल वाटीसाठी हात पसरतंय आणि आपण मोजून पाच मिली द्यायचं, हे फार जिवावर येतं. आजी दोनदा म्हणाल्या, "अगो, दी तेका पोटभर." आईने दिलं नाही.

पंधरा मिनिटांत एक उलटी झाली. उलटीचं औषध तेव्हा दिलं: ऑनडॅनसेट्रॉन, वजनावर बेतून, एकच डोस. सोमवारच्या बाटलीतलं डॉम्पेरिडोन बंद केलं. मुलांच्या उलट्यांत त्याचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवण्याचा धोका आहे. ऑनडॅनसेट्रॉनही मेडिकलमधून आपलं आपण आणून द्यायचं औषध नव्हे. वीस मिनिटं थांबलो, मग पुन्हा ५ मिली. अर्धा तास टिकलं, तेव्हा १० मिली. दोन तासांत ४०० मिलीच्या आसपास आत गेलं, दुसरी उलटी झाली नाही.

ओआरएसचं पाकीट पाण्यात कसं कालवायचं, हे आईकडून माझ्यासमोर करून घेतलं. घरी ती अंदाजाने दोन चिमटी पावडर पेल्यात टाकत होती. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम पूर्ण रिकामं करायचं. पाण्याची एक लिटरची बाटली हे घरातलं सोपं माप. छोटं पाकीट २०० मिलीचं. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या असं करायचं नाही. पाणी कमी पडलं तर मीठ गाढ होतं आणि मूल आणखी वाळतं. वरून साखर, ग्लुकोज, लिंबू काही नको. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पाकीट नसलंच, तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शहाळ्याचं पाणी आवडीने प्यायला हरकत नाही, पण त्यात सोडियम कमी, म्हणून ते याची जागा घेत नाही.

लघवीचा नमुना

ओकून वाळलेलं मूल शू करत नाही, त्यामुळे आधी पाणी आणि मग नमुना हाच क्रम. डायपर काढून ठेवला. मुंबईच्या पावसाळ्यात दोरीवरची लंगोटी दोन दिवस दमट राहते, म्हणून घरोघरी दिवसभर डायपर. त्यात शू झाली की नाही, किती झाली, हे कळत नाही. जेल ओढून घेतं. 'रात्रीपासून ओला वाटत नाही' यापलीकडे आईला सांगता येत नव्हतं. मूल आजारी असेल तेव्हा तरी सुती कपडा बांधावा, निदान डायपर हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा.

चिकटवायची पिशवी मी टाळली. त्या नमुन्यात कातडीवरचे जंतू येतात. पिशवीतली लघवी स्वच्छ निघाली तर उपयोग आहे, जंतू निघाले तर ते आतले की बाहेरचे ते कळत नाही, आणि अँटिबायोटिक सुरू झाल्यावर तो प्रश्न सोडवता येत नाही. म्हणून धारेतून थेट बाटलीत.

पुढून मागे साध्या पाण्याने पुसून घेतलं. आई टेबलाच्या कडेला बसली, मुलगी तिच्या मांडीवर पाय फाकवून, पाठ आईच्या पोटाला. मी गार पाण्यात भिजवलेला गॉजचा बोळा बेंबीखाली गोल गोल फिरवत राहिलो. ही युक्ती मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१७मध्ये एका वर्षाखालच्या मुलांवर तपासून पाहिली आहे. नुसती वाट पाहिली तर पाच मिनिटांत १२ टक्के मुलांनी शू केली, गार बोळा फिरवला तर ३१ टक्के. म्हणजे तरीही बहुतेक वेळा फसतेच. आमच्या मावशी बाटलीचं झाकण उघडून, कडेला बोट न लावता, ओणव्या उभ्या. पहिली धार आईच्या ओढणीवर गेली. वडील हसले, तीन दिवसांत पहिल्यांदाच असावेत. मुलगी किंचाळली, पाय आखडले आणि मधली धार मावशींनी अचूक झेलली. जेमतेम १५ मिली. पुरते. जमलं नसतं तर बारीक नळी घालून काढायची तयारी होती.

लघवी तपासायची पट्टी बुडवली. पांढऱ्या पेशींचा रकाना जांभळा, नायट्राइटचा गुलाबी. ई. कोलायसारखे जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, पण त्याला लघवी काही तास मूत्राशयात थांबावी लागते. लहान मुलं घडीघडीला मुततात, त्यामुळे हा रकाना कोरा राहिला तरी संसर्ग नाही असं म्हणता येत नाही. इथे मात्र तो ठळक होता. उरलेला नमुना कल्चरला गेला, म्हणजे जंतू वाढवून ते कुठले आणि कुठल्या औषधाला दाद देतात ते पाहायला. तो हातावेगळा झाल्यावरच अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला.

रक्तही काढलं. पांढऱ्या पेशी १९,४००, शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी ६८, म्हणजे वाढलेलं, प्लेटलेट ३ लाख १० हजार, मलेरियासाठी रक्ताची काच निर्दोष, डेंग्यूची एनएस१ चाचणी नकारात्मक. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा घटतात, इथे त्या वाढल्या होत्या. एक एनएस१ नकारात्मक आला म्हणून डेंग्यू कायमचा बाद होत नाही, पण आता तापाला पत्ता मिळाला होता. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, त्याकडे पुढे येतो.

घरी की रुग्णालयात

जंतू किडनीपर्यंत पोचलेत असं मानूनच उपचार करायचा होता, कारण तापासह आलेल्या लघवीच्या संसर्गात या वयात तसंच मानतात. तरी दाखल केलं नाही. मुलगी तीन महिन्यांपेक्षा मोठी, पाणी पोटात राहतंय, शू झाली, ताप १०१वर आल्यावर मावशींची बांगडी ओढून खेळत होती, श्वास ३२. १९९९मध्ये अमेरिकेत दोन वर्षांखालच्या ३०६ मुलांवर झालेल्या चाचणीत तोंडाने दिलेलं सेफिक्साइम हे अँटिबायोटिक शिरेतून सुरू केलेल्या औषधाइतकंच चाललं होतं. तेच दिलं, दहा दिवसांसाठी. वडिलांना 'सलाईन नाही' हे पचायला जड गेलं, पण मुलीने बिस्किट मागितल्यावर ते काही बोलले नाहीत.

रात्रीसाठी कागद लिहून दिला. हिरवी किंवा रक्ताची उलटी झाली, मूल उठवूनही उठेना किंवा प्यायला नकार देऊ लागलं, आठ तास शू नाही, मान ताठ, झटका, दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके, श्वास जोरात, फासळ्या आत जाताहेत, पोट फुगलं, थांबून थांबून कळवळून रडतंय आणि पाय पोटाशी घेतंय, किंवा शीत रक्त: यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही. घाटकोपरचं राजावाडी किंवा सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय. परळचं वाडिया खास मुलांचं असलं, तरी जोराच्या पावसात तिकडे निघू नका, हिंदमाताला पाणी तुंबलं की गाडी दादरलाच अडकते. गाडी मिळेना तर १०८.

आणखी एक ओळ अधोरेखित केली: अँटिबायोटिक सुरू झाल्यावरही ताप दोन दिवस येऊ शकतो. ही ओळ लिहिली नाही तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक औषध बदलायला तिसऱ्या डॉक्टरकडे जातात.

रात्री एक वाजता आईचा फोन आलाच. १०२.२. पाणी पितेय का, हो. शू, दोनदा. मग १४० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल, अंगावर एकच पातळ सुती कपडा, पंखा चालू. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या आजींनी आधीच ठेवल्या होत्या. मिठाने काही होत नाही, कोमट पाण्याच्या पट्टीने मुलाला बरं वाटत असेल तर ठेवा, बर्फ नको, हुडहुडी भरत असेल तर पट्टीही नको. औषध दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत उलटी झाली तर तो डोस एकदा पुन्हा द्यायचा, अर्ध्या तासानंतर झाली तर नाही. तशी वेळ आली नाही.

खाण्याचं श्रेय आजींना. गुरुवारी सकाळी त्यांनी उकड्या तांदळाची पेज केली, मीठ घालून, मऊसर. मुलगी वाटीभर प्यायली. आजारात उपाशी ठेवायचं नाही, हे मी कितीदा सांगतो त्यापेक्षा एका पेजेने जास्त पटतं.

पुढचे दिवस

शुक्रवारी दुपारनंतर ताप आला नाही. शनिवारी कल्चरचा अहवाल: ई. कोलाय, मिलीलिटरमागे एक लाखावर. ओफ्लॉक्सासिनला दाद न देणारा, सेफिक्साइमला देणारा. म्हणजे सोमवारची बाटली पोटात टिकली असती तरी उपयोग झाला नसता, आणि कल्चर केलं नसतं तर हे कळलं नसतं. नायट्रोफ्युरँटॉइनही यादीत चालणारं दिसत होतं, पण ते किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही. ताप असताना ते वापरत नाहीत.

सोनोग्राफीत दोन्ही किडन्या वयाप्रमाणे, कुठे सूज नाही, अडथळा नाही. पहिल्यांदाच संसर्ग, जंतू ई. कोलाय आणि सोनोग्राफी चांगली, त्यामुळे मूत्राशयात नळी घालून करायची पुढची तपासणी सध्या नको असं ठरलं.

मग दुधाकडे वळलो. मुलगी दिवसाला लिटरभर म्हशीचं दूध बाटलीने पीत होती. या वयात अर्धा लिटर पुष्कळ. इतक्या दुधाने भूक मरते, शी घट्ट होते, शरीरातलं लोह कमी पडतं. हिमोग्लोबिन ९.८ त्यातूनच आलं असावं. खड्यांनी भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, ते पूर्ण रिकामं होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग ही जोडी पक्की आहे. डायपरमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, तरी तो दर तीन-चार तासांनी बदला आणि पुसताना पुढून मागे, हे सांगितलं. शी मऊ करायचं औषध सुरू केलं, ताप गेल्यावर लोहाचं. दूध वाटीने, दिवसातून दोनदा. आजी नाराज झाल्या. दूध तोडणं हा त्यांच्या मते अन्यायच.

ऑगस्टच्या शेवटी मुलीला सर्दीसोबत ताप आला, १०१. आईने डायपर काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिकलमधून आणलेल्या निर्जंतुक बाटलीत लघवी धरूनच दवाखान्यात आली, घरून निघाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. पट्टी स्वच्छ. ताप सर्दीचाच होता, तिसऱ्या दिवशी उतरला. वजन १०.२ किलो, शी एक दिवसाआड आणि मऊ. हिमोग्लोबिन दिवाळीनंतर पुन्हा पाहायचं आहे.